सिदू आत्ता काय करतोय

श्री सिद्धेश्वर प्रसन्न
तुळजापूर, श्रावण सोमवार, ता. २४ ऑगस्ट १९५९

चि. सिद्रामप्पा भावजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल शनिवारी शेजारी खाजाभाई बांगडीवाल्यांच्या पत्त्यावर पोचलं. आतून निघालं ते असं: इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक एक, वर पेन्सिलीनं किंमत दोन रुपये. निळ्या शाईच्या वड्यांची पुडी एक. अव्वांसाठी लोकरी कानटोपी एक, तांबडी. कानटोपीची चिठ्ठी तुम्ही खोडलीत, पण उजेडाला धरली की वाचता येते. सव्वातीन रुपये! भावजी, तेवढ्यात आमचं महिन्याचं गोडंतेल येतं. पुन्हा असलं काही करू नका.

टोपी अव्वांना घातली. लेकाकडून आली म्हणून सांगितलं नाही. या घरात तुमचं नाव काढलेलं तुमच्या दादांना चालत नाही, तुम्हाला माहीतच आहे. अव्वांनी ती चाचपली आणि म्हणाल्या, ‘हिरवी चांगली व्हती. हातात धरून पुन्यांदा ठेवली त्यानं.’ म्हातारं माणूस, काहीही बोलतं.

आता कामाचं. खाजाभाईंची नसीमबी यंदा मॅट्रिकला बसतेय. आपल्या बोळात मॅट्रिक झालेली बाई मी एकटी, म्हणून दुपारच्या भाकऱ्या आटोपल्या की ती वही घेऊन येते. सध्या गाडं वर्तमानकाळाशी अडलंय. साधा वर्तमान कधी वापरायचा आणि चालू वर्तमान कधी. मी घरातलीच उदाहरणं दिली. तुमचे दादा महाद्वारापाशी कुंकू विकतात, म्हणून ‘ही सेल्स कुंकू’. ते नेहमीचं झालं. दुपारी गल्ल्यावर डोकं टेकून घोरत असले तरी ते वाक्य खरंच राहतं. पण त्या घटकेला ‘ही इज सेलिंग’ म्हणाल तर खोटं. तेव्हा ‘ही इज स्नोरिंग’. पोरगी इतकी हसली की भिंतीपलीकडून तिची आई फातिमाबी ओरडली, ‘अगं, शिकतीस का खिदळतीस?’

मग तिनं अडचण काढली. अव्वा पलीकडं बाजेवर होत्या. मधेच म्हणाल्या, ‘सिदू पाणी पितोय. नळाचं, ओंजळीनं. भांडं न्हाय का रं लेकरा तितं?’ नसीमबीनं पेन्सिल उचलली. ‘वैनी, ह्ये कुटल्यात लिवू? सिदूभाई तर हितं न्हाईत. मग इज ड्रिंकिंग कसं?’

जो माणूस डोळ्यांसमोर नाही, त्याच्याबद्दल चालू वर्तमान वापरता येतो का, ते तुमच्या पुण्याच्या छापखान्यातल्या जाणत्यांना विचारून कळवा. आणि सहज विचारते, तिथं नळ आहे का?

बाकी ठीक. अव्वांची तब्येत वयाप्रमाणे.

आपली वहिनी महादेवी


तुळजापूर, ता. ८ सप्टेंबर

चि. भावजींस आशीर्वाद.

पत्र पोचलं. नियम समजला. माणूस समोर असो नसो, बोलण्याच्या घटकेला ते काम चाललेलं असलं की चालू वर्तमान. मात्र ते चाललंय हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक हवं. हे शेवटलं तुम्ही दोन रेघा मारून लिहिलंत. आणि खाली विचारलंत, छापखान्याच्या मागच्या अंगणात नळ आहे, भांडं चोरीला जातं म्हणून सगळे ओंजळीनं पितात, हे वहिनी तुम्हाला कुणी सांगितलं? आणि हिरव्या टोपीचं?

कुणी नाही. मागच्या पत्रात अव्वांचं वयाप्रमाणे म्हणून लिहिलं ते खरं नव्हे. आषाढात त्या न्हाणीत पडल्या. कंबर गेली. बाजेवरच सगळं करावं लागतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. दार उघडं की मिटलेलं, एवढं उजेडावरून कळतं.

पडायच्या आधीपासून त्या तुमचं बोलत, पण ते बोलणं निराळं होतं. सिदू भाकरीचा आधी वास घेतो. सिदू हसताना तोंडावर हात धरतो. कुणीही आई परगावच्या लेकाचं असंच बोलते, पुस्तकात त्याला साधा वर्तमान म्हणतात. नागपंचमीपासून ते पालटलं. सिदू जिना उतरतोय. सिदू कागद वाचतोय, डोळे चोळतोय. सांगतानाचा आवाज आठवणीतला नसतो भावजी. खिडकीत बसलेली बाई रस्त्यावरचं सांगते तसा असतो. परवा तर रागावल्या, ‘पाच वरसं झाली, त्योच भोकाचा सदरा घालतोय. पुण्यात कापड मिळत न्हाय व्हय?’

तुम्ही आणखी लिहिलंय की दिसणं, ऐकू येणं, ठाऊक असणं, यांना इंग्रजीत चालू रूप देत नाहीत. ‘आय ॲम सीइंग’ म्हणू नये, ‘आय सी’ म्हणावं. का, ते लिहिलं नाहीत. मी अव्वांकडं बघत विचार केला. पाणी पिणारा मनात आलं तर थांबतो. दिसणं थांबवता येत नाही. म्हणून असेल.

काल दुपारी म्हणाल्या, ‘सिदू बोटाला चिंधी बांधतोय. तांबडी झाली चिंधी.’ खरंच बोटाला लागलंय का? एवढं कळवा म्हणजे मी गप्प बसेन.

महादेवी


तुळजापूर, ता. १७ सप्टेंबर

चि. भावजींस आशीर्वाद.

कागद कापायच्या यंत्रात बोट सापडलं, तेही सोमवारीच. वाचून मी पत्र देवापुढं ठेवलं. हळद लावत जा. तुम्ही लिहिता, ‘मला भीती वाटते, अव्वांना आता काही विचारू नका.’ मी विचारत नाही हो. त्या सांगतात.

पुढं लिहिता, ‘दिवाळीला बघू.’ बघू म्हणजे काय?

तुम्ही गेलात तो दिवस तुम्हाला आठवत असेल, पण अव्वांच्या बाजूनं आठवत नसेल. तुम्हाला दुकानावर बसायचं नव्हतं, शिकायचं होतं. दादांनी भर दुपारी गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत दिली. तुम्ही घरी येऊन पिशवी भरलीत आणि उंबऱ्यावर म्हणालात, ‘जातो मी.’ अव्वा पिठाच्या हातानं धावल्या. ‘जातो म्हणू नाय रं. येतो म्हण.’ आपल्याकडं कोपऱ्यावर मिरच्या आणायला निघालेलासुद्धा येतो म्हणतो. तुम्ही वळून पुन्हा तेच म्हणालात, ‘जातो.’

अव्वांच्या मनात ते अजून रुतलेलं आहे. त्यांचं म्हणणं, जातो म्हणून गेलेल्याला आपल्या पायानं उंबरा ओलांडता येत नाही. एक तर त्यानं आधी येतो म्हणून कळवावं, नाही तर घरातून कुणी तरी नावानं हाक मारावी. मी मॅट्रिक झालेली, मला हे पटावं असं नाही. पण वैद्य म्हणतात, दसरा पाहतील, पुढचं सांगता येत नाही. आणि त्यांना तुम्हाला पाहायचंय असंही नाही. पाहतात त्या रोज. मला म्हणाल्या, ‘त्याच्या हातचं पाणी प्यायचंय. तेवढ्यासाठी थांबलेय.’

तेव्हा बघू नका. या. आणि निघण्याआधी ‘येतो’ एवढाच शब्द कार्डावर लिहून टाका. पाकिटाचा खर्च नको.

महादेवी


तुळजापूर, ता. २६ सप्टेंबर

चि. भावजींस आशीर्वाद.

तुमचं कार्ड आलं नाही. खाजाभाई रोज पोस्टमनला अडवून विचारतात. तो म्हणाला, ‘चाचा, आलं तर मी काय खातो का?’

काल देवी निजली. सिंहासनावरून उतरवून पलंगावर घेतली. आता घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत ती झोपेत. अव्वा दरसाल म्हणतात, राखणारी झोपलीय, या दिवसांत ज्यानं त्यानं आपलं सांभाळावं. नसीमबीनं वहीत लिहिलं: द गॉडेस स्लीप्स एव्हरी इयर. द गॉडेस इज स्लीपिंग नाऊ. दोन्ही वाक्यं बरोबर. दुसऱ्यावर खूण करताना माझा हात थांबला.

तुमच्याबद्दल अव्वा मधे काहीच बोलेनात. बुधवारी दुपारी एकदा मोठ्यानं श्वास घेतला, आणि मग गप्प. जेवण तोंडात धरून ठेवत. मला वाटलं, संपलं हे, बरं झालं.

काल देवळातून नगाऱ्याचा आवाज आला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सिदू चालतोय.’

माझ्या तोंडून गेलं, ‘कुठं?’

निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं हे उभ्या जन्मात कधी चुकलं नव्हतं. पण तुम्ही तर पुण्यात. तुम्हाला कुठं ऐकू जाणार, असं वाटलं असेल. अव्वांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

‘इचारलंस न्हवं? हिकडं.’

कसे, तेही सांगितलं. रुळाच्या कडेकडेनं. पायात काही नाही. विहिरी लागतात, नळ लागतात. ‘ओंजळ धरतोय, पन पीत न्हाय. सांडू देतोय.’

ते पाणी न पिणं मला आवडलं नाही. तुम्ही बरे असाल तर, मागचं सगळं राहू द्या, बरा आहे एवढं लिहा.

महादेवी


तुळजापूर, ता. २९ सप्टेंबर

चि. भावजींस आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या खोलीच्या पत्त्यावर टाकतेय. कुलूप असलं तर शेजाऱ्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवावं, असं पाकिटावर लिहिलंय.

मीच दादांना सगळं सांगितलं. तुमची पत्रं, पार्सल, बोटाची चिंधी. मला वाटलं भांडं फेकतील. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि पोस्टात जाऊन छापखान्याला तार केली. तारेचं उत्तर काल आलं. मीच वाचून दाखवलं. तुम्ही बुधवारपासून कामावर नाही. खोलीला कुलूप आहे. कुणाला काही सांगून गेला नाहीत.

बुधवार वाचल्यावर मी अव्वांकडं बघितलं. त्या झोपल्या होत्या.

दादा म्हणाले, ‘म्हणजे निघालाय तो घराकडं. बरोबरय.’ मी म्हटलं, निघालेला माणूस गाडीत बसतो, चालत का येईल? ‘रागावलाय माझ्यावर,’ म्हणाले, ‘म्हणून चालतोय.’ पाच वर्षांनी त्यांच्या तोंडून तुमचा विषय निघाला. आता दुकानातून जेवायला आले की हातपाय धुवायच्या आधी बाजेपाशी जातात. ‘अव्वा, आज कुठवर आला?’ अव्वा गावं सांगतात. काल तामलवाडी सांगितली.

आणि आज खाजाभाई सोलापुराहून बांगड्यांचा माल घेऊन एस.टी.नं आले. पेटी खाली ठेवली नाही, तसेच आमच्याकडं. ‘वैनी, सिदू कधी आला?’ तामलवाडीच्या पुढं भर उन्हात तुम्हाला रस्त्याच्या कडेनं चालताना त्यांनी पाहिलं. पाठमोरे. मान तशीच एका अंगाला. गाडीतून हाका मारल्या, ‘सिदू! ए सिदूऽ!’ तुम्ही वळला नाहीत. कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, उतरून मागं गेले.

‘मग?’

‘मग काय, रस्ता व्हता. माणूस नव्हता. दोन्ही बाजूला पीक काढलेलं रान, लपायला जागा कुटं? मीच खुळ्यागत परत येऊन बसलो. कंडक्टर हसला मला.’ ते स्वतः मात्र हसले नाहीत.

भावजी, तुम्ही रागात असाल तर राग खरा आहे. पण अशी चेष्टा करू नका.

महादेवी


तुळजापूर, ता. १ ऑक्टोबर, दुपार

चि. भावजींस आशीर्वाद.

उद्या टपाल बंद, म्हणून आजच लिहितेय. खाजाभाई संध्याकाळच्या गाडीनं सोलापुरास जाऊन हे स्वतःच्या हातानं पुण्याच्या मेलच्या डब्यात टाकणार आहेत. मी शांतपणे लिहितेय. अक्षर हललं असेल तर मांडीवर कागद आहे म्हणून.

नवरात्राचं कुंकू ओट्यावर वाळत घातलंय. तुम्हाला आठवतंच, पुढच्या दारासमोर उंबऱ्यापासून पायरीपर्यंत धोतरं अंथरतो, वर बोटभर थर. ते दार मग उघडत नाही, आम्ही मागनं ये-जा करतो.

सकाळी अव्वा म्हणाल्या, ‘घाट चढला.’ नंतर बराच वेळ काही नाही. ऊन डोक्यावर आलं, बोळ सामसूम झाला. मी दादांना जेवायला वाढत होते. नसीमबी वही घेऊन आली होती. अव्वा म्हणाल्या, ‘दारात उभा हाय.’

दादा जेवता जेवता उठले. मागून फिरून पुढं गेले. लगेच परत आले आणि मला हातानं खूण केली.

ओट्यावर कुणी नव्हतं. कुंकवात दोन पावलं होती. उंबऱ्याला लागून, बोटं घराकडं. भावजी, पायरीपासून उंबऱ्यापर्यंत सगळा थर जसा सकाळी मी फळीनं सारखा केला तसाच होता. येतानाची पावलं नव्हती, जातानाची नव्हती. उभं राहिल्याची तेवढी होती. आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. लहानपणी बैलगाडीत पाय सापडला तेव्हापासूनची.

दादा खाली बसले. त्या पावलावर हात ठेवायला गेले, ठेवला नाही. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ‘उन्हात उभाय गं,’ म्हणाले, ‘किती वेळ उभा ठेवायचा? मी मारतो हाक.’ आणि तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. नवऱ्याच्या तोंडावर हात! देवी मला क्षमा करो, झोपेतून उठल्यावर.

आतून अव्वा म्हणत होत्या, ‘हाक मारा रं. पाणी घेऊन उभाय. ओंजळ भरून आणलीय.’

त्या पाण्यासाठीच त्या थांबल्यात, हे मला ठाऊक आहे. ते प्याल्या की थांबणार नाहीत, हेही. तुम्ही जिवंत असून दारात आला असाल, आणि आम्ही हाक मारली नाही, तर तुम्ही पुन्हा जाल, आणि ते पाप माझं. पण तुम्ही तसे आला नसाल, आणि आम्ही नाव घेऊन आत बोलावलं, तर मग काय आत येईल? मला ठरवता येईना. देवी जागी असती तर कौल लावला असता.

नसीमबी भिंतीला टेकून उभी होती, पांढरी पडलेली. तीच म्हणाली, ‘वैनी, पत्र लिवा ना. पत्राचं उत्तर जिता माणूसच देतो.’

म्हणून लिहितेय. दादांना शपथ घातलीय, तुमच्या हातचं कार्ड येईपर्यंत कुणी हाक मारायची नाही. पुढच्या दाराला आतून अडसर घातलाय. कुंकवाला कुणी हात लावायचा नाही. यंदा ते विकलं नाही तर नाही, मी जमाखर्चात बुडीत धरीन. तुम्ही कुठंही असाल, दवाखान्यात, कुणा मित्राकडं, रागानं तोंड लपवून कुठल्या धर्मशाळेत, तिथून ‘येतो’ एवढं लिहा. तुमचं अक्षर मी ओळखते. ते कार्ड हातात आलं की दार मी स्वतः उघडीन, आणि दादा अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी हाक मारतील.

इथवर लिहून पत्र मिटणार होते. अव्वा आत्ता बोलल्या. जशाच्या तशा लिहिते.

‘सिदू पत्र वाचतोय.’

मी म्हटलं, कुठलं पत्र अव्वा? सगळी पत्रं पुण्याला गेली.

‘तुज्या मांडीवरचं. तुज्या मागं उभा ऱ्हाऊन वाचतोय. मागल्या दारानं तुमी येता, जाता. त्ये कुणी लावलंय?’

नसीमबी पुढ्यात बसलीय. ती माझ्या मागं बघत नाही, वहीतच बघतेय, आणि लिहीत नाही. मीही मागं वळणार नाही. वळून काय दिसेल ते माझ्या हातात नाही. कागदावर ओला थेंब पडलाय तो माझ्या डोळ्यांतला नव्हे, बोटाला तो गार लागला.

भावजी, तुम्ही वाचत असाल तर वाचा. तुमच्यावर इथं कुणाचा राग नाही. पण उत्तर टपालानं द्या. उलटटपाली द्या. इथं, कानापाशी, देऊ नका.

तुमची वहिनी
महादेवी